संगणक सगळ्यांचा, मजकूर ज्याचा त्याचा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

सायबर सुरक्षेविषयी वर्तमानपत्रांत जे सल्ले छापून येतात त्यांत एक वाक्य ठरलेले असते : 'सार्वजनिक संगणकावर खासगी कामे करू नका.' एका सार्वजनिक ग्रंथालयाचा संगणक कक्ष मी बरीच वर्षे सांभाळते आहे आणि हे वाक्य वाचले की दर वेळी मला वाईट वाटते. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्यांना दिला जातो त्यांच्यातल्या पुष्कळांकडे दुसरा संगणकच नसतो. घरी संगणक असलेला माणूस आमच्याकडे येऊन आपली पाळी येईपर्यंत कशाला ताटकळेल? जो येतो तो खासगी कामासाठीच येतो. नोकरीचा अर्ज, निवृत्तिवेतनाची चौकशी, परीक्षेचा निकाल, न्यायालयातल्या प्रकरणाची पुढची तारीख, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेल्या आजाराचे नाव. यातले कोणते काम सार्वजनिक म्हणायचे?

'आता फोन सगळ्यांकडे आहे' असे यावर कुणी म्हणेल. फोन आहे, पण पुष्कळ घरांत तो एकट्याचा नसतो. शिवाय आठ-दहा पानांचा अर्ज फोनच्या पडद्यावर भरताना काय होते ते ज्याने भरला त्यालाच विचारावे, आणि शेवटी प्रिंट काढायला, कागद स्कॅन करायला संगणकाकडे यावेच लागते. काही माणसे तर हातात फोन असूनही येतात, कारण तो फोन घरातले कुणीतरी रोज तपासत असते. अशा माणसाला 'सार्वजनिक संगणक वापरू नका' म्हणणे म्हणजे त्याला उरलेली एकुलती एक वाट बंद करणे आहे. म्हणून माझे म्हणणे असे की लोकांना या संगणकांपासून लांब राहायला सांगण्यापेक्षा ते संगणक विसरभोळे करायला हवेत, आणि ही जबाबदारी वापरणाऱ्याच्या आधी तो संगणक ठेवणाऱ्याची आहे.

माणूस खुर्चीवरून उठतो तेव्हा मागे काय काय राहते, हे आधी सांगते.

बहुतेकांना वाटते की खिडकी बंद केली म्हणजे काम संपले. उजव्या कोपऱ्यातली फुली दाबतात, पिशवी उचलतात आणि निघतात. त्यांच्यानंतर बसणारा तेच संकेतस्थळ उघडतो आणि आधीच्या माणसाची मेलपेटी जशीच्या तशी त्याच्यासमोर येते. कारण साधे आहे. संकेतस्थळाच्या लक्षात आपण मुळात राहत नाही, प्रत्येक पान मागताना त्याच्या लेखी आपण नव्यानेच आलेले असतो. ही अडचण सोडवण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने 'कुकी' आणली. आपण पासवर्ड टाकला की संकेतस्थळ ब्राउझरच्या हाती ओळखीची एक चिठ्ठी देते आणि पुढे प्रत्येक वेळी ब्राउझर तीच चिठ्ठी दाखवत राहतो. फुली दाबली की खिडकी जाते, चिठ्ठी राहू शकते. 'मला लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली असेल तर ती फारच काळ राहते. क्रोम ब्राउझरने कुकीच्या आयुष्याला ४०० दिवसांची मर्यादा घातली तीसुद्धा २०२२ मध्ये. 'लॉगआउट' किंवा 'साइन आउट' केल्यावर मात्र ती चिठ्ठी निकामी होते. म्हणून फुलीच्या आधी लॉगआउट, हा क्रम मी प्रत्येकाला सांगते. ते बटण शोधून देणे हे माझे निम्मे काम असते, त्याबद्दल पुढे लिहितेच.

दुसरी जागा म्हणजे पत्त्याची पट्टी. एक अक्षर टंकले की त्या अक्षरापासून सुरू होणारे, त्या संगणकावर आधी कुणीतरी शोधलेले सगळे खाली उलगडते. अर्जातल्या नावाच्या चौकोनात क्लिक केले की अनोळखी माणसांची नावे, पत्ते, फोन नंबर यादीने समोर येतात. 'पासवर्ड जतन करायचा का?' असे ब्राउझर विचारतो आणि घाईत असलेला माणूस 'हो' म्हणतो, कारण 'हो' चे बटण ठळक असते. या सगळ्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. ब्राउझर हा एका संगणकाला एकच माणूस, असे धरून बनवलेला आहे, आणि आमच्याकडे एका खुर्चीवर दिवसभरात कितीतरी माणसे बसून जातात.

पण खरी काळजी मला 'डाउनलोड्स'ची वाटते, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. मेलला जोडलेला कागद प्रिंट काढण्यासाठी उघडला की तो बहुधा आधी संगणकावर उतरतो. प्रिंट हातात आली की माणूस समाधानाने निघून जातो. लॉगआउट अगदी नीट केलेले असते, पण त्याचा कागद डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये पडून असतो : गुणपत्रिका, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, रक्ततपासणीचा अहवाल, पगाराचा दाखला, वकिलाची नोटीस. यातली एकही फाईल उघडायची नाही हा आमच्या कक्षातला नियम आहे. पण पुसून टाकताना फाईलचे नाव डोळ्यांखालून जातेच आणि नुसत्या नावावरूनही नको ते कळते. पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते, तोही रिकामा करावा लागतो. लेखनाचा प्रोग्राम उघडला की अलीकडच्या फाईलींची यादी समोर येते. स्कॅनरचा स्वतःचा एक फोल्डर असतो, तो तर सगळेच विसरतात.

प्रिंटरची गोष्ट आणखी निराळी. कागद संपलेला असतो, प्रिंट येत नाही, माणूस दोन-तीनदा बटण दाबतो आणि कंटाळून निघून जातो. नंतर कुणीतरी कागद भरतो आणि अडकलेल्या सगळ्या प्रती एकापाठोपाठ एक दुसऱ्याच माणसाच्या हातात पडतात. एखाद्याचा आजार किंवा पगार अशा रीतीने चारचौघांत जावा, यासारखी खंत वाटणारी गोष्ट आमच्या कामात दुसरी नाही. प्रिंट आली नाही तर निघण्यापूर्वी आम्हाला सांगा, आम्ही ती रांगेतून काढून टाकतो, एवढीच वाचकांना विनंती.

आणखी दोन गोष्टींचा गोंधळ वरचेवर होतो. एक, मेलमध्ये शिरणे आणि ब्राउझरमध्येच आपल्या खात्याने शिरणे या वेगळ्या बाबी आहेत. 'सिंक चालू करायचे का?' या प्रश्नाला होकार दिला तर घरच्या किंवा फोनवरच्या ब्राउझरमधली पाहिलेल्या पानांची नोंद, जपून ठेवलेल्या पानांच्या खुणा (बुकमार्क), कधी जतन केलेले पासवर्डसुद्धा त्या सार्वजनिक संगणकावर उतरतात. उलट दिशेनेही तेच घडते. आपण निघून गेल्यावर दुसरा माणूस तिथे जे शोधेल ते आपल्या खात्यात जमा होत राहते. दोन, फोनने क्यूआर कोड टिपून संगणकावर उघडलेले व्हॉट्सअॅप. फोन आपल्या खिशात परत गेला म्हणून संगणकावरचे संवाद बंद होत नाहीत, फोनला इंटरनेट नसतानाही ते चालू राहतात. फोनवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये 'जोडलेली उपकरणे' अशी यादी आहे. तिच्यात अनोळखी किंवा जुना संगणक दिसला की तिथूनच लॉगआउट करता येते. गूगलच्या खात्यातही सुरक्षेच्या विभागात 'तुमची उपकरणे' अशीच यादी असते. घरी पोचल्यावर 'मी लॉगआउट केले होते का?' असा घोर लागला तर फोनवरून ही यादी बघावी, शंका राहिली तर पासवर्ड बदलावा. आणि ग्रंथालयाला फोन करावा. 'अमुक वाजेपर्यंत खिडकीजवळच्या संगणकावर होतो' एवढे सांगितले तरी पुरे, नाव सांगायचीही गरज नाही.

आता खासगी खिडकीविषयी. क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात, इतर ब्राउझरांत वेगळी नावे आहेत. ही सोय पहिल्यांदा २००५ मध्ये अॅपलच्या सफारीत आली. क्रोम आणि एज या ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. तिच्यात केलेल्या कामाची नोंद आणि कुकी खिडकी बंद झाल्यावर राहत नाहीत. पण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये ४६० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गूगलच्या खात्यात शिरून शोध घेतला तरी खासगी खिडकीमुळे त्याची नोंद होत नाही, असे त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते, आणि ती व्हायरसपासून वाचवते असे मानणारेही चारांत एकापेक्षा जास्त होते. दोन्ही खोटे आहे. खुद्द गूगलवर या खिडकीतल्या माहितीवरून २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले.

तरीही मी ही खिडकी वापरायला आग्रहाने सांगते. ती आपल्याला संकेतस्थळापासून किंवा इंटरनेट पुरवणाऱ्यापासून लपवत नाही, पण आपल्यानंतर त्याच खुर्चीवर बसणाऱ्यापासून वाचवते, आणि सार्वजनिक संगणकावर पहिली भीती त्याचीच असते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. तिच्यातून उतरवलेली फाईल डाउनलोड्समध्ये तशीच राहते. आणि क्रोमच्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांची कुकी सामायिक असते. म्हणजे आधीच्या माणसाची अशी एखादी खिडकी खाली दुमडून राहिली असेल तर आपली नवी खिडकी तिच्याच ओळखीने चालते, आणि आपण निघताना एक बंद केली पण दुसरी राहिली तर आपलीही ओळख मागे राहते. म्हणून बसल्याबसल्या उघड्या दिसतील त्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या आणि उठतानाही सगळ्या बंद करायच्या.

एवढे सगळे केले तरी एक धोका वापरणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारा प्रोग्राम, म्हणजे की-लॉगर. न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने प्रती काढून देणाऱ्या दुकानांतल्या सार्वजनिक संगणकांवर असे प्रोग्राम बसवून ४५० हून अधिक लोकांची वापरनावे आणि पासवर्ड गोळा केले होते. २००३ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने हॉटेलांमध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेल्या संगणकांबद्दल असाच इशारा दिला. तिथे तर चोरांनी पाहुणे म्हणून संगणक वापरला आणि आपल्याच मेल खात्यातून प्रोग्राम उतरवून तो बसवला होता. कळफलकाची वायर आणि संगणक यांच्यामध्ये बसणारे इवलेसे उपकरणही हेच काम करते. पडद्यावरचा कळफलक माऊसने वापरला की धोका टळतो असे काही जण सांगतात. काही प्रमाणात टळतो, पण पडद्याचे चित्र टिपणाऱ्या प्रोग्रामपुढे त्याचा उपयोग नाही.

अशा ठिकाणी एकट्या पासवर्डच्या भरवशावर राहू नये, एवढेच वापरणाऱ्याच्या हाती आहे. फोनवर येणारा दुसरा आकडा, म्हणजे दोन टप्प्यांची खातरजमा, चालू ठेवली तर चोरलेल्या पासवर्डने सहजासहजी काही साधत नाही. जिथे सोय आहे तिथे क्यूआर कोड फोनने टिपून फोनवरच्या पासकीने, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या पिनने उघडणाऱ्या डिजिटल किल्लीने, आत जावे. पासवर्ड टंकावाच लागत नाही, त्यामुळे टिपायलाही काही उरत नाही. आणि बाकी काही जमले नाही तर घरी जाऊन, विश्वासाच्या फोनवरून पासवर्ड बदलावा. संगणकाच्या मागे वाकून वायरी तपासा असे मात्र मी कुणालाही सांगणार नाही. ते काम आमचे आहे आणि ते रोज व्हायला हवे.

आता आमच्याकडे येते, म्हणजे ग्रंथालये, शाळा-महाविद्यालये, सायबर कॅफे, हॉटेले, जिथे जिथे लोकांसाठी संगणक ठेवलेला आहे त्या सगळ्यांकडे. संगणक पुन्हा सुरू केला की तो मूळ स्थितीत आणणारी सॉफ्टवेअर कितीतरी वर्षांपासून मिळतात. दिवसभरात उतरलेल्या फाईली, कुकी, जतन झालेले पासवर्ड, कुणी गुपचूप बसवलेला प्रोग्राम, सगळे त्याने निघून जाते. विंडोजमध्ये सामायिक संगणकासाठी अशी मांडणी करता येते की पाहुण्याचे खाते साइन आउट होताच पुसले जाते. ब्राउझर बंद होताच सगळे पुसावे अशी सेटिंग फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये व्यवस्थापकाला ती लावता येते. यातले काहीच अवघड नाही. अडते ते दुसरीकडे.

अडते ते असे. मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर बसवले म्हणून काम संपत नाही, कारण संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय ते काहीच पुसत नाही. सकाळी चालू केलेला संगणक रात्री बंद केला, तर मधल्या सगळ्या माणसांचे सगळे दिवसभर एकमेकांसमोर उघडे राहते. आम्ही आता प्रत्येक माणसानंतर संगणक पुन्हा सुरू करतो. त्यात मिनिटे जातात, रांगेतली माणसे चुळबुळ करतात, कुणी रागावतेही. मी त्यांना सांगते की तुमच्या आधीच्याचे पुसले जाते आहे आणि तुमच्यानंतर तुमचेही पुसले जाईल. ऐकल्यावर बहुतेक जण शांतपणे थांबतात. हे प्रत्येक ठिकाणी व्हावे, आणि संगणकाशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेले असावे की इथे काय पुसले जाते आणि काय पुसले जात नाही. नुसते 'कृपया लॉगआउट करा' लिहिलेले कागद मी पुष्कळ ठिकाणी पाहते. त्यात सगळी जबाबदारी बसणाऱ्यावर ढकललेली असते आणि ठेवणाऱ्याने काय केले आहे ते कुठेच नसते.

पडद्यांची दिशा हाही आमचाच प्रश्न. मागून ये-जा होईल असे संगणक मांडले तर बाकीचे सगळे उपाय फुकट आहेत. भिंतीकडे पाठ करून बसता येईल अशी मांडणी, शक्य असेल तिथे बाजूने पाहणाऱ्याला पडदा काळा दिसेल असे आवरण, आणि कर्मचाऱ्याने बोलावल्याशिवाय कुणाच्या मागे जाऊन उभे न राहणे, एवढे तरी सहज करता येते.

मदतीचा प्रसंग याहून नाजूक. कितीतरी माणसांना टंकता येत नाही. ती पासवर्ड मोठ्याने सांगतात, किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला काढून दाखवतात आणि म्हणतात, 'तुम्हीच टाका, तुमच्यापासून काय लपवायचे?' हा विश्वास आहे, आणि म्हणूनच तो जपून हाताळावा लागतो. मी कळफलक त्यांच्याकडेच ठेवते, कोणते अक्षर कुठे आहे ते हवे तर कळफलकाच्या कागदी चित्रावर दाखवते आणि मान वळवून उभी राहते. वेळ लागतो. एकेक अक्षर शोधून दाबायला हातांना सवय नसते, डोळे थकलेले असतात, मध्येच चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण पासवर्ड एकदा स्वतःच्या हाताने टाकला की पुढच्या वेळी तोच माणूस आपणहून खुर्ची ओढून बसतो. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मला टंकावे लागते. तेव्हा वही लगेच त्यांच्या हाती परत देणे आणि घरच्या विश्वासाच्या माणसाकडून पासवर्ड बदलून घ्यायला सांगणे, एवढे मी न चुकता करते. नव्या कर्मचाऱ्यांना संगणक शिकवण्याआधी हे शिकवायला हवे असे माझे ठाम मत आहे.

'ज्याचे काही वावगे नाही त्याला लपवायचे कशाला?' हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. ग्रंथालयाच्या व्यवसायात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. वाचकांशी आलेल्या संबंधातून कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकी ग्रंथालय संघटनेने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेत लिहिले. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१५ मध्ये संगणकाच्या युगासाठी तेच पुन्हा मांडले. कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले हे दुसऱ्याला सांगायचे नाही, कारण आपल्यावर कुणाची नजर आहे असे वाटले की माणूस हवे ते पुस्तक मागतच नाही. एखाद्या मुलीला आपल्या शरीराविषयी, एखाद्या कामगाराला आपल्या हक्कांविषयी, एखाद्या म्हाताऱ्याला मुलाने करून घेतलेल्या सहीविषयी वाचायचे असते. पुस्तकाच्या बाबतीत जे आम्ही पाळतो ते त्याच इमारतीतल्या संगणकाच्या बाबतीत का पाळू नये?

याची किंमतही काहींनी मोजली आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एफबीआयने ग्रंथालयांच्या एका संस्थेला पत्र देऊन एका दिवशीच्या पाऊण तासात ठरावीक जोडणीवरून संगणक वापरणाऱ्यांची माहिती मागितली. मागे न्यायालयाचा आदेश नव्हता, आणि त्याविषयी कुणाजवळ बोलायलाही बंदी होती. चार ग्रंथपालांनी न्यायालयात दाद मागितली. पुढच्या वर्षी सरकारने आधी ती बंदी आणि मग मागणीही मागे घेतली. गुन्ह्याच्या तपासात न्यायालयाचा आदेश आला तर तो पाळावाच लागतो, त्याबद्दल माझा वाद नाही. कायद्याने जी नोंद ठेवायला सांगितली असेल तीही ठेवावी. पण कुणी मागितलेली नसताना 'असू द्या, कधी लागली तर' म्हणून कोण काय बघत होते याच्या याद्या साठवून ठेवणे मला मान्य नाही. ज्या नोंदीची गरज नाही ती ठेवू नये, आणि जी ठेवली तिची मुदत संपताच ती नष्ट करावी.

संकेतस्थळे बनवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. लॉगआउटचे बटण कोपऱ्यातल्या गोल चित्राखाली लपवू नका. आमच्या कक्षातल्या वयस्कर माणसांना तिथे बटण आहे हे कळतच नाही. लॉगआउट झाल्यावर 'मागे' चा बाण दाबला की आधीचे पान पुन्हा दिसते, ते दिसू नये यासाठी पान साठवू नको असे ब्राउझरला सांगता येते. सगळ्या बँका, रुग्णालये आणि सरकारी सेवांनी ते सांगावे. पूर्वी काही मेल सेवांच्या प्रवेशाच्या पानावरच 'हा संगणक सार्वजनिक आहे की खासगी?' असा प्रश्न असे, आणि सार्वजनिक निवडले की थोडा वेळ हालचाल नसल्यास खाते आपोआप बंद होई. तो प्रश्न परत यावा. घरातल्या हिंसेविषयी मदत देणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांवर पान झटकन सोडण्याचे बटण असते. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठी केलेल्या बटणाला तर शिफ्टची कळ तीनदा दाबली तरी चालते. चांगली सोय आहे, पण त्याने पडद्यावरचे पान बदलते, ब्राउझरमधली नोंद पुसली जात नाही, हे त्या बटणाशेजारीच लिहिले पाहिजे. त्या बटणावर विसंबणाऱ्या बाईला हे आधी कळणे फार गरजेचे आहे.

आता एक विनंती. आपल्या दैनिकाने सार्वजनिक संगणकावर बसताना आणि उठताना काय करायचे हे एका चौकटीत, कापून चिकटवता येईल अशा आकारात आणि मोठ्या टाइपात छापावे. बसताना उघड्या खिडक्या बंद करून खासगी खिडकी उघडणे, कोणत्याही 'जतन करू का?' ला नकार देणे, उठताना लॉगआउट, डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामे करणे, अडकलेली प्रिंट रद्द करून घेणे, पेनड्राइव्ह आणि स्कॅनरच्या काचेखालचा मूळ कागद आठवणीने घेणे, एवढा मजकूर पुरेल. त्याच चौकटीत एक जागा कोरी ठेवावी, जिथे संगणक ठेवणाऱ्याने 'आम्ही प्रत्येकानंतर संगणक पुन्हा सुरू करतो' किंवा 'करत नाही' हे स्वतःच्या हाताने लिहावे. या पत्रातला कोणताही भाग त्यासाठी वापरायला माझी हरकत नाही. छापण्याआधी मजकूर तपासून द्यायचा असल्यास तेही करीन.

कळावे,
आपली,
एका सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथपाल